कळ सोसायची कुणी?

गुडघा बदलायचं ठरलं की घरात बोलायला विषय कमी पडत नाहीत. खर्च किती, डॉक्टर कोणता, डावा आधी की उजवा, रजा कोण टाकणार. ऑपरेशननंतर जे दुखेल त्याचं काय करायचं, याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. ते डॉक्टर बघतील. डॉक्टर बघतातही, पण तीन-चार दिवस. पुढचे सहा आठवडे पेशंट घरी असतो आणि गोळ्यांची पिशवी उशाशी.

त्या पिशवीवरून होणारा वाद मी वेगवेगळ्या घरांत तुकड्या-तुकड्यांनी ऐकला आहे. इथे तो दोन माणसांच्या तोंडी घातला आहे. एक सून, ती फिजिओथेरपिस्ट. दुसरे तिच्या नवऱ्याचे मामा, डायलिसिस विभागात टेक्निशियन. पेशंट म्हणजे हिच्या सासूबाई, मामांची थोरली बहीण, आक्का. वय ६८, बारा वर्षांची शुगर, त्याहून जुनं बीपी, दोन्ही गुडघे झिजलेले. ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलं आहे. मामा सांगलीकडून एस्टीनं आले आहेत आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांनी फाइल उघडली आहे.

मामा: क्रिएटिनिन १.१. बघितलंस का गं?

सून: बघितलं ना. नॉर्मल आहे. लॅबनं ठळकसुद्धा केलेलं नाही.

मामा: तिथंच गोम आहे. क्रिएटिनिन येतं स्नायूंमधून. आक्काच्या मांड्या बघ की एकदा. सहा वर्षं झाली, खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर. स्नायूच वाळला तर रक्तात क्रिएटिनिन वाढणार कुठून? वय आणि बाई-पुरुष धरून ईजीएफआर काढायचा, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज. तिशीतल्या पोराचं १.१ असलं तर तो आकडा नव्वदच्या आसपास जातो. आक्काचा येतो ५५च्या आसपास. आणि अंगात मांस नाही, म्हणजे खरा त्याहून कमीच असायचा.

सून: ५५ म्हणजे काही डायलिसिस नव्हे, मामा.

मामा: नव्हेच. पण साठच्या खाली तीन महिने राहिला तर किडनीचा जुना आजार म्हणतात त्याला. रोजच्या जगण्याला ५५ पुरतात. संकट आलं की हाताशी शिल्लक नसते. आणि हे ऑपरेशन म्हणजे तिच्या किडनीवरचं संकटच आहे. रात्रीपासून उपाशी, पाठीत इंजेक्शन दिलं की बीपी खाली, वर रक्त जाणार, संध्याकाळी एखादी उलटी. आणि त्या सगळ्यावर तुम्ही देणार व्होवेरानचं, म्हणजे डायक्लोफेनॅकचं, इंजेक्शन.

सून: आम्ही नाही देत. डॉक्टर देतात. आणि का देतात तेही ऐका. माझं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं, आता तर त्याच संध्याकाळी उभं करतात. गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा आणि नव्वद अंशांपर्यंत वाकायला हवा. पेशंटला दुखलं की तो काय करतो? गुडघ्याखाली उशी घेतो. बरं वाटतं बिचाऱ्याला. नातेवाईकही हौसेनं सारतात उशी. आठ दिवस तसा ठेवला की पाय सरळ व्हायचा थांबतो. आत सगळं चिकटत जातं आणि मग पुन्हा भूल देऊन गुडघा मोडून वाकवायची वेळ येते. दीड-दोन लाख घालून ताठ पाय घरी आणायचा का?

मामा: दुखू दे असं कुठं म्हणतोय मी?

सून: तुम्ही म्हणत नाही, पण तुमच्या बोलण्याचा अर्थ घरोघर तोच काढतात. ‘पेनकिलर किडनीला वाईट’ एवढं एक वाक्य लोकांनी पाठ केलंय. मग पॅरासिटॅमॉलसुद्धा घेत नाहीत. दात-ओठ खाऊन पडून राहतात आणि म्हणतात, सोसायची सवय आहे हो आम्हाला.

सूनबाईंचा राग मला पटतो. आपल्याकडे बाईनं कळ सोसण्याचं कौतुक फार. बाळंतपणापासून सुरू होतं ते. वॉर्डात ‘आमची आई एकदासुद्धा ओरडली नाही’ असं अभिमानानं सांगणारे मुलगे भेटतात. तिला विचारलं का, असं त्यांना विचारावंसं वाटतं.

मामा: मग नीट सांगतो. पॅरासिटॅमॉल वेगळं. डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, किटोरोलॅक, एटोरिकॉक्सिब ही सगळी एका घरातली. आपल्या उसाच्या सरीला पाणी कसं येतं? वरचं दार उघडलं की पाटातलं पाणी आत. खालचं थोडं दाबून धरलं की सरीत पाणी तुंबतं आणि मुरतं. किडनीच्या चाळणीचं तसंच. आत येणारी बारीक धमनी रुंद ठेवायचं काम प्रोस्टाग्लॅंडिन करतं. बाहेर जाणारी आवळून धरायचं काम अँजिओटेन्सिन. दोन्हींमुळं मधल्या चाळणीत दाब राहतो आणि रक्त गाळलं जातं. पेनकिलर घेतली की प्रोस्टाग्लॅंडिन बंद. वरचं दार मिटलं. आक्काची बीपीची गोळी कुठली? टेल्मिसार्टन. ती खालचं दार सताड उघडते. आणि तिच्याच पोटात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलंय. म्हणजे पाटातलंच पाणी कमी. आता सांग, सरीत काय मुरणार?

सून: म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती बीपीची गोळी थांबवायची का, ते भूलतज्ज्ञ सांगतात.

मामा: सांगतात. आणि तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज देताना ती पुन्हा चालू होते, शेजारच्या ओळीत ॲसेक्लोफेनॅक दिवसातून दोनदा. एकाच कागदावर तिन्ही. हात वेगवेगळे असतात गं, बीपीची गोळी फिजिशियननं लिहिलेली, दुखण्याची ऑर्थोनं. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

१९७१ साली शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं की ॲस्पिरिनच्या जातीची औषधं शरीरात प्रोस्टाग्लॅंडिन तयार होऊ देत नाहीत. १९८२च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. प्रोस्टाग्लॅंडिन सांध्यात असलं की दुखतं, सुजतं. जठरात असलं की अस्तर सांभाळतं. किडनीत असलं की रक्त पोचवतं. गोळीला सांधा कोणता आणि किडनी कोणती हे कळत नाही. पुढे जठराला कमी त्रास देणारी नवी औषधं आली, सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब वगैरे. पण किडनीच्या बाबतीत ती जुन्यांहून फारशी सुरक्षित ठरली नाहीत. ॲसिडिटीची गोळी जोडीला घेतली म्हणजे काळजी मिटली असं समजणारे तर असंख्य आहेत. ती फक्त पोटापुरती.

सून: तुमचं एक होतं बघा. तुमच्या मशीनवर येतो तो बिघडलेलाच. मानेत नळी घातलेली, चार-चार तास रक्त फिरतंय. ज्या शेकडो लोकांनी पाच दिवस गोळी घेतली आणि चालत घरी गेले, ते तुमच्या दारात कधी येतच नाहीत.

मामा: खरंय. आणि तुझ्याकडं सहा आठवड्यांनी यायचं बंद होतं. त्यानंतर तो माणूस वर्षभर तीच पट्टी मेडिकलमधून आणून खातो, ते तुला कुठं दिसतं?

सून: …तेही खरंय.

मामा: गिधाडांचं माहितीये ना? आपल्या लहानपणी, म्हणजे माझ्या, मेलेलं जनावर टाकलं की आभाळ काळं व्हायचं. कुठं गेली ती? जनावरांना डायक्लोफेनॅक टोचायचे. ते मेलं की गिधाडं खायची आणि किडनी बंद पडून मरायची. आत सगळं यूरिक ॲसिडचं पांढरं खडूसारखं साठलेलं. २००४ साली हे कारण सापडलं, २००६ साली सरकारनं जनावरांसाठी बंदी घातली. तोवर शंभरातली पंच्याण्णवहून जास्त संपली होती.

सून: मामा, आई गिधाड नाहीत! त्या पक्ष्याला हे औषध पचवताच येत नाही, माणसाला येतं. असली उदाहरणं देऊन घाबरवू नका. मी पण एक देते. वाजपेयींची एकच किडनी काम करत होती. त्यांना किडनीच्या उपचारासाठी न्यूयॉर्कला जायला मिळावं म्हणून राजीव गांधींनी त्यांचं नाव युनोच्या शिष्टमंडळात घातलं, हे वाजपेयींनीच सांगितलेलं. त्यांचा एक गुडघा २००० साली आणि दुसरा २००१ साली बदलला. आपल्या मुंबईत, ब्रीच कँडीत, डॉक्टर रानावतांनी. गेले २०१८ साली, ९३ वर्षांचे होऊन. म्हणजे एका किडनीवर दोन गुडघे होतात!

मामा: होतात की. पंतप्रधानांच्या उशाला चोवीस तास डॉक्टर. त्यांच्यासाठी ‘पाय ठणकतोय, काहीतरी द्या’ म्हणून कुणी नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेलं नसेल.

सून: पण किडनी कमजोर म्हणून ऑपरेशनच टाळायचं नाही, एवढं तरी मान्य करा. उलट मी म्हणते, हे ऑपरेशन किडनीच्या भल्याचं आहे. दुखतंय म्हणून माणसं दहा-दहा वर्षं गोळ्या खातात. गुडघा बदलला की ती गोळी सुटते.

मामा: सुटली तर. पाचातल्या एकाचं दुखणं राहतंच म्हणतात थोडंफार.

इथे आतल्या खोलीतून आक्कांचा आवाज आला. वाद आपल्याबद्दल चाललाय हे त्यांना केव्हाच कळलेलं.

आक्का: अरे, ती गोळी म्हणजे पांढरी लांबोडकी का? ती तर मी घेते.

सून: कुठली? कधीपासून?

आक्का: दिवाळीपासून असेल. सकाळी एक. पूजेला बसवत नाही त्याशिवाय. मेडिकलवाला ओळखीचाय, तो देतो. तुम्हाला कशाला त्रास.

पट्टी आणली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ॲसेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटॅमॉल ३२५, आणि वर एक सूज उतरवणारं एन्झाइम. फाइलीतल्या औषधांच्या यादीत यातलं काहीच नाही. हे औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, असं त्याच पट्टीवर लाल रेघेशेजारी छापलेलं होतं. दोघं जरा वेळ एकमेकांकडे बघत राहिले. ज्या १.१ वर एवढा काथ्याकूट झाला, तो आकडा ही गोळी रोज पोटात असतानाचा होता.

सून: आई, आजपासून ही बंद. मी सर्जनना फोन करते. दहा-बारा दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा करू, जोडीला लघवीतलं अल्ब्युमिनही. शुगर आहे तुम्हाला, ते व्हायलाच हवं होतं.

आक्का: आणि पूजेला कशी बसू?

मामा: खुर्चीत बस. देव काही म्हणत नाही.

गोळी काढून घेणं सोपं आहे. जागी काय ठेवायचं हा प्रश्न उरतो. सूनबाईंनी वही घेतली. इथून पुढचं बोलणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण ते ऑपरेशनच्या तीन आठवडे आधी चाललं आहे. बहुतेक घरांत ते रात्री दोन वाजता, पेशंट कण्हत असताना, ड्यूटीवरच्या सिस्टरशी होतं.

सून: पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट. त्यासाठी मांडीच्या आतल्या बाजूला, नसेजवळ ब्लॉक देतात. गुडघा बधिर होतो पण मांडीचा जोर बराचसा राहतो, चालवता येतं. किडनीशी त्याचा संबंध नाही. पण त्याला सोनोग्राफी मशीन लागतं आणि ते हाताळणारा भूलतज्ज्ञ लागतो. लिंगनिदानाच्या कायद्यामुळं प्रत्येक मशीनची नोंदणी करावी लागते, म्हणून लहान हॉस्पिटलं त्या भानगडीत पडत नाहीत. आपल्याकडं आहे का, ते आधी विचारायचं.

मामा: सर्जन गुडघ्याच्या आत पण टोचतात ना काहीतरी, शिवायच्या आधी?

सून: हो, भोवतीच्या मांसात. बधिर करणारं औषध असतं.

मामा: नुसतं बधिर करणारं? मी चौकशी केलीय. बऱ्याच ठिकाणी त्या मिश्रणात किटोरोलॅक असतं. गुडघ्यात टोचलं म्हणून ते गुडघ्यातच राहत नाही, रक्तात उतरतंच. आक्काच्या मिश्रणात ते नको, हे कागदावर लिहून द्यायचं.

सून: हे मी धरलंच नव्हतं. लिहिते. मग पॅरासिटॅमॉल, घड्याळ लावून. दुखेल तेव्हा नाही, दर सहा तासांनी. ६५० चार वेळा. आणि ते चालू असताना दुसऱ्या कुठल्या गोळीत लपलेलं पॅरासिटॅमॉल नको. त्याच्यावर दुखलं तर ट्रामाडॉल.

मामा: सांभाळून. ते किडनीवाटेच जातं. किडनी मंद असली की अंगात साठतं. मग चक्कर, ओकारी, म्हाताऱ्या माणसाला भ्रम. डोस कमी आणि दोन डोसांत अंतर जास्त. प्रीगाबालिन, गॅबापेंटिनचं तर फारच बघावं लागतं. माझ्याकडं एक आजोबा आले होते, घरचे म्हणाले अर्धांग झालाय. अर्धांग नव्हता, गॅबापेंटिन साठलं होतं. दोन डायलिसिसनंतर नातवाचं नाव घेऊन हाक मारली.

सून: म्हणजे तुमचं म्हणणं, हे नको, ते नको, तेही जपून.

मामा: नाही गं.

सून: बघा ना. मॉर्फिनवर्गातलं औषध आपल्याकडं १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं इतकं जखडलं की बऱ्याच हॉस्पिटलांत ते ठेवतच नाहीत. २०१४ साली कायदा सैल केला तरी सवय गेली नाही. ट्रामाडॉलही २०१८पासून त्याच कायद्यात. म्हणून हात जातो तो डायक्लोफेनॅककडं, कारण ते कुठंही मिळतं आणि ते काम करतं. पेशंटला रात्री झोप लागते. तुम्ही ते काढून घेतलंत तर आईंनी रात्र कशी काढायची? आणि एक सांगू? दुखण्यानंही किडनी जाते.

मामा: ती कशी?

सून: बायका पाणी पीत नाहीत. संडास-बाथरूमला उठायला लागू नये म्हणून. मी रोज बघते. तांब्या भरलेला, पेला पालथा. दिवसभरात दोन कप चहा. सुनेला हाक मारायची लाज, वॉकर घेऊन उठायचं तर कळ येते. दुखणं आवरलं नाही की पाणी बंद, जेवण बंद, बीपीची आणि लघवीची गोळी मात्र नेमानं चालू. तुमच्या पाटात पाणी कुठून येणार?

मामांकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. किडनी सांभाळायचा सगळा विचार आपण गोळ्यांच्या नावांत करतो. खाटेपासून बाथरूमपर्यंतची आठ पावलं त्यात येत नाहीत. उंच कमोड, भिंतीला धरायला दांडा, रात्री हाकेला उठणारं माणूस, हे कुणी प्रिस्क्रिप्शनवर लिहीत नाही.

मामा: लघवी मोजायची मग. भांडं आणून देतो मी. कमी झाली, गडद झाली, तर फोन. आणि सूज. ऑपरेशन झालेला पाय सुजणारच, घोट्यापर्यंत उतरते ती, घाबरायचं नाही. मात्र पोटरी आवळून दुखायला लागली तर थांबायचं नाही, ती गुठळी असू शकते. आणि दुसरा पाय सुजला, सकाळी डोळ्यांखाली फुगलं, दम लागला, तर त्याच दिवशी रक्त तपासायचं.

सून: बर्फ दिवसातून चार-पाच वेळा, फडक्यात गुंडाळून. व्यायामाच्या आधी पाऊण तास गोळी, म्हणजे वाकवताना तिचा असर असतो. आणि व्यायाम मीच करून घेईन.

मामा: झालं तर. मिटलं.

सून: नाही मिटलं. ब्लॉक उतरला की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री दुखणं उसळतं. तेव्हा हे सगळं पुरलं नाही तर? क्रिएटिनिन स्थिर असलं, बीपी चांगलं असलं, लघवी नीट असली, टेल्मिसार्टन अजून सुरू केलेली नसली, तर तीन दिवसांपुरतं सेलेकॉक्सिब द्यायला हरकत काय? हॉस्पिटलमध्ये, रोज रक्त बघत.

मामा: हरकत ही, की क्रिएटिनिन उशिरा बोलतं. किडनीला आज मार बसला तर आकडा उद्या-परवा चढतो. ०.३ नं वाढला की आम्ही धोका धरतो. तोवर तू डिस्चार्ज घेऊन घरी.

सून: तर मग पाचव्या दिवशी घरी तपासू.

मामा: पाचव्या नि दहाव्या. रक्त काढायला मी स्वतः येतो.

सून: या. सकाळी आठला या, व्यायामाच्या वेळी. आईंचा गुडघा तुम्ही वाकवायचा, मी बघत बसते. मग विचारीन, गोळी द्यायची का म्हणून.

मामा: मला नको सांगू असलं. लहानपणी मारायची ती मला.

आक्का: अजून मारीन.

सून: उद्या भूलतज्ज्ञांना भेटायचंय. अकराला. तुम्ही राहताय ना?

मामा: राहतो. सेलेकॉक्सिबला मी नको म्हणणार.

सून: आणि मी द्या म्हणणार. पट्टी पण घ्या बरोबर, ती पांढरी. त्यांना आधी ती दाखवायची.